मार्चचा पैसा, जूनची शाळा



भाई कोतवाल म्हटलं की कर्जत-खालापूरकरांसमोर विजेचे मनोरे पाडणारा आझाद दस्ता उभा राहतो आणि २ जानेवारी १९४३ ची सिद्धगडावरची ती पहाट. त्या पहाटे भाई आणि हिराजी पाटील धारातीर्थी पडले. माथेरानात १९१२ साली एका नाभिक कुटुंबात जन्मलेला हा मुलगा वकील झाला आणि बेचाळीसच्या आधीची त्याची वर्षं याच कर्जत तालुक्यात शाळा काढण्यात आणि धान्यकोठ्या उभ्या करण्यात गेली. आज मला त्या धान्यकोठीबद्दल थोडं अधिक बोलायचं आहे. आषाढ-श्रावणात घरातलं भात संपायचं. मग सावकाराकडून खावटी घ्यावी लागायची आणि सुगीला खळ्यावरूनच ती व्याजासकट वसूल व्हायची. वर्षभराचा हिशेब मांडला तर घरात फार मोठी तूट असायचीच असं नाही. धान्य नको त्या महिन्यात भरपूर आणि हव्या त्या महिन्यात शून्य, ही खरी अडचण. भाईंनी ती ओळखली आणि पावसाळ्यात गावातच धान्य मिळेल अशी सोय केली.

सरकारच्या अर्थसंकल्पाकडे मी याच नजरेने बघतो. किती कोटी, हा प्रश्न वर्तमानपत्रं विचारतात आणि तो विचारायलाच हवा. पण वाडीवरच्या शाळेला आणि उपकेंद्राला त्याहून जवळचा प्रश्न आहे, पैसा केव्हा पोचतो हा. आज मी मुख्यतः त्याबद्दलच बोलणार आहे.

१० मार्च २०२५ रोजी विधिमंडळात २०२५-२६ चा अर्थसंकल्प मांडला गेला. एकूण खर्च ७,००,०२० कोटी रुपये. महसुली तूट ४५,८९१ कोटी, राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटी. महसुली तूट म्हणजे पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं हा रोजचा खर्चही रोजच्या उत्पन्नातून न भागणं. घरखर्चासाठी कर्ज काढायची पाळी आली की घरातली कोणती गोष्ट पहिल्यांदा कापली जाते, हे इथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. सरकारातही असंच होतं. पगार थांबवता येत नाही, व्याज चुकवता येत नाही, मतदाराच्या खात्यात जाणारे पैसे कोणी अडवत नाही. कात्री लागते ती खडू, किरकोळ सादिल खर्च, दुरुस्ती, औषधं आणि मुलांच्या ताटाला.

अर्थसंकल्पाच्या भाषणात प्रत्येक खात्याचा एक आकडा वाचला जातो. शालेय शिक्षण २,९५९ कोटी, सार्वजनिक आरोग्य ३,८२७ कोटी, महिला व बालविकास ३१,९०७ कोटी. हे आकडे ऐकून माझे काही शिक्षक मित्र हबकले होते. सात लाख कोटींत शाळांना तीन हजार कोटीही नाहीत? हा आकडा फक्त कार्यक्रम खर्चाचा असतो, म्हणजे योजनांचा. शिक्षकांचे पगार अनिवार्य खर्चात धरलेले असतात आणि तो आकडा याच्या कितीतरी पट आहे. तेव्हा शिक्षणावर एवढाच खर्च होतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण या तीन आकड्यांमधून एक गोष्ट नक्की कळते. पगार बाजूला ठेवल्यावर नवं काही करायला शाळांच्या हातात किती उरतं आणि सरकारचा नवा पैसा कुठे चालला आहे, ते इथे दिसतं.

दुसरी एक सवय लावून घ्या. अंदाजपत्रकाच्या पुस्तकात प्रत्येक लेखाशीर्षापुढे रकाने असतात : मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. भाषण फक्त शेवटच्या रकान्याचं होतं. तुम्ही पहिल्या तीन रकान्यांवर बोट ठेवा. मूळ अंदाज मोठा आणि सुधारित लहान असेल, तर ती घोषणा वर्षाच्या मध्येच विरली. पुढच्या पुस्तकात त्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च त्याहूनही कमी निघाला, तर पैसा वाटेत राहिला किंवा परत गेला. सर्वसाधारण शिक्षणाचं मुख्य लेखाशीर्ष २२०२, आरोग्याचं २२१०, मागासवर्ग कल्याणाचं २२२५. ही पुस्तकं आता संकेतस्थळावर असतात. कॉलेजातल्या मुलांनी चार-चारच्या गटानं बसून एक-एक शीर्ष वाचलं, तरी पुढच्या वर्षी इथे बोलायला बाहेरून माणूस बोलवावा लागणार नाही.

आता एका अंड्याकडे येतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनानं निर्णय घेतला की शाळेत पोषण आहार घेणाऱ्या मुलाला आठवड्यातून एकदा उकडलेलं अंडं द्यायचं आणि जे मूल अंडं खात नाही त्याला केळं. अंड्याचा दर धरला होता ५ रुपये. कर्जतच्या आदिवासी पट्ट्यात कुपोषणाचं काम करणाऱ्यांना याचा केवढा आनंद झाला, ते मी पाहिलं आहे. खांडसच्या बाजूच्या एका वाडीवर अंड्याच्या दिवशी पट जवळजवळ पूर्ण भरायचा. स्वयंपाकीण ताई अंडी मोजून पातेल्यात सोडायची आणि सोलताना एखादं फुटलं तर ते शेवटी स्वतःकडे न ठेवता सर्वांत लहान मुलाला जास्तीचं द्यायची. या ताईचं मानधन महिन्याला २,५०० रुपये. जानेवारी २०२५ मध्ये नवा निर्णय आला. अंडी आणि गोड पदार्थाची साखर यांसाठी शासन वेगळा निधी देणार नाही, शाळांनी ते लोकसहभागातून करावं.

या योजनेवर सुमारे ५० कोटी रुपये खर्च होत होते. सात लाख कोटींच्या हिशेबात ही रक्कम किती बसते ते मी काढून पाहिलं. लाख रुपयांत सात रुपये. आणि लोकसहभाग कुणाचा? ज्यांची मुलं त्या शाळेत बसतात ते आईबाप जानेवारीत वीटभट्टीवर मजुरीला गेलेले असतात. पनवेल-कल्याणच्या एखाद्या मोठ्या शाळेला देणगीदार मिळेल. वाडीवरच्या शाळेला देणगीदार कोण, तर तोच शिक्षक. अनेक शिक्षक स्वतःच्या खिशातून हे करतात आणि त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण शिक्षकाच्या चांगुलपणावर सरकारनं आपली बचत उभी करावी, हे मला मान्य नाही. तूट भरून काढायची तर लाख रुपयांतले हे सात रुपये शोधावे लागले, ही या अर्थसंकल्पाबद्दलची माझी सर्वांत मोठी तक्रार आहे.

शाळा चालवायला समग्र शिक्षा योजनेतून संयुक्त शाळा अनुदान मिळतं. ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये. खडू, फळ्याचा रंग, वीजबिल, संडासाची साफसफाई, नळाची तोटी, छपाई, इंटरनेटचं रिचार्ज, सगळं यातच. आधी रक्कम शाळेच्या खात्यात पडायची, उशिरा का होईना पण पडायची. आता एकल खात्याची पद्धत आहे. शाळेचं खातं शून्य शिलकीचं असतं आणि वरून खर्चाची मर्यादा दिली जाते. केंद्रशाळेतल्या बैठकीत शिक्षक एकमेकांना विचारतात, ‘तुमच्या शाळेला लिमिट आली का?’ ती बहुतेक वेळा वर्षाच्या शेवटी शेवटी येते आणि ३१ मार्चला जाते. पैसा कुठे पडून राहू नये हा त्यामागचा हेतू रास्त आहे. पण खर्च जूनमध्ये करायचा आणि मर्यादा फेब्रुवारीत यायची, याचा परिणाम असा की जूनपासून फेब्रुवारीपर्यंत शाळा दुकानदाराच्या उधारीवर चालते. पोषण आहाराच्या भाजीपाला-इंधनाच्या बिलांचंही तेच. किराणावाल्याची वही आणि मुख्याध्यापकाची सही यांच्यावर महाराष्ट्राचं प्राथमिक शिक्षण उभं आहे, असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती फार नाही.

आता वाडीचं वर्ष कसं चालतं ते पाहा. कातकरी समाजाला केंद्र सरकारनं विशेष दुर्बल आदिवासी गटांत धरलं आहे. महाराष्ट्रात असे तीनच गट आहेत, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. कर्जत आणि खालापूरमध्ये ठाकर वाड्यांच्या शेजारी कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. पावसाळ्यात हाताला काम नसतं, तेव्हा मुकादमाकडून उचल घेतली जाते. दिवाळी झाली की ती फेडायला घरंच्या घरं वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर निघतात. दाराला कडी, क्वचित एखादी म्हातारी मागे. परत येणं मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर.

सरकारचं वर्ष एप्रिलला सुरू होतं. पहिले दोन-तीन महिने वाटपात जातात. जून ते सप्टेंबर कोकणात बांधकाम होत नाही. मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा. काम उभं राहतं ते जानेवारी-फेब्रुवारीत आणि मार्चअखेर बिलं काढायची घाई सुटते. वाडीवर मुलं असतात जून ते ऑक्टोबर. पैसा असतो डिसेंबर ते मार्च. दोघांची गाठ पडत नाही. हंगामी वसतिगृहाची योजना आहे, मुलांना आजी-आजोबांकडे मागे ठेवून जेवणाची सोय करायची ती. मंजुरी दिवाळीनंतर हातात पडली, तर तोवर मूल भट्टीवर माती तुडवत असतं. गळलेलं छप्पर शिक्षक जुलैत दाखवतो आणि पत्रे मार्चमध्ये येतात. आपल्या भागातल्या शिक्षणाचं नुकसान रकमेच्या कमीपणानं झालं त्याहून अधिक या चुकलेल्या मेळानं झालं, असं माझं मत आहे.

इथे आणखी एक अडचण आहे आणि ती कर्जत-खालापूरच्या बाहेर फारशी कुणाला ठाऊक नाही. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात आदिवासी लोकसंख्या ९.३५ टक्के. रायगडमध्ये ती साडेअकराच्या आसपास, म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा जास्त. तरीही १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशात महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्राची जी यादी आहे, तिच्यात रायगड जिल्ह्यातलं एकही गाव नाही. शेजारच्या मुरबाड तालुक्यातली गावं आहेत. ज्या सिद्धगडावर भाई पडले त्याच्या पायथ्याचा मुलूख एका तालुक्यात मोडतो आणि आपण दुसऱ्यात. २०१५ पासून राज्य सरकार अर्थसंकल्पातल्या आदिवासी घटक योजनेतला ५ टक्के निधी अबंध म्हणून थेट अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना देतं. तो कशावर खर्चायचा हे तिथली ग्रामसभा ठरवते. अंगणवाडीचं छप्पर, विहिरीचा कठडा, जंगलातली वाट, काहीही. आपल्या वाडीला तो हक्क नाही. ठाकर इकडचा आणि ठाकर तिकडचा, डोंगर एकच, पाऊस एकच, पण एकाची ग्रामसभा पैसा खर्चू शकते आणि दुसऱ्याची फक्त ठराव करून पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे पाठवू शकते.

खालापूरच्या इर्शाळवाडीवर कोसळलेल्या दरडीबद्दल मी फार बोलणार नाही. या सभागृहात अशी माणसं बसली आहेत ज्यांनी १९ जुलै २०२३ च्या त्या रात्री चौकच्या बाजूने चिखलातून वर धाव घेतली होती. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मिळालीच नाहीत. यंत्रं वर चढवता आली नाहीत कारण रस्ता नव्हता. माती हातानं, घमेल्यानं उपसली गेली. धोकादायक गावांच्या यादीत वाडीचं नाव नव्हतं, असं नंतर विधानसभेत सांगण्यात आलं. वाडीवरून खाली मोरबे धरणाचं पाणी दिसतं. ते नवी मुंबई महापालिकेचं धरण आहे. एवढं पाणी समुद्राकाठच्या शहराला पोचवायला पैसा, जमीन, परवानग्या सगळं जमलं. वाडीच्या रस्त्याचा विषय निघाला की वनखात्याची जमीन आडवी येते, असं आपल्याला सांगितलं जातं. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रस्ता, पाणी अशा कामांसाठी ग्रामसभेच्या शिफारशीवर एक हेक्टरपर्यंत वनजमीन देता येते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं पडणार नसतील तर. हा कायदा २००६ चा आहे. इथे कायदा होता, लेखाशीर्षं होती. प्रस्ताव वेळेत पुढे सरकवणारं कुणी नव्हतं.

आता लाडकी बहीण योजनेच्या पैशाबद्दल स्पष्ट बोलतो, कारण न बोलणं सोयीचं आहे. महिन्याचे १,५०० रुपये कातकरी बाईच्या स्वतःच्या खात्यात येतात, ही चांगली गोष्ट आहे. त्या पैशानं काही घरांनी मुकादमाची उचल कमी घेतली असेल तर मला त्याचा आनंद आहे. २०२५-२६ साठी या योजनेला ३६,००० कोटी ठेवले. त्याच अर्थसंकल्पात आदिवासी घटकाला २१,४९५ कोटी, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा ४० टक्के वाढ, असं जाहीर झालं. पण मे २०२५ मध्ये आदिवासी विकास खात्याचे ३३५ कोटी ७० लाख आणि सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी ३० लाख रुपये याच योजनेकडे वळवले गेले. आदिवासी बहिणींचा हप्ता आदिवासी घटकातून दाखवला की वाढ दिसते आणि आश्रमशाळेला काही मिळत नाही. सुकथनकर समितीच्या शिफारशींवरून १९९३-९४ पासून आदिवासींचा वाटा लोकसंख्येच्या प्रमाणात वेगळा काढायला आपण सुरुवात केली. सगळ्यांसाठी असलेली योजना त्या वाट्यातून चालवायची नाही, हेच तर त्या वेगळं काढण्याचं कारण होतं. आणि त्याच मे महिन्यात शासकीय आश्रमशाळांतली १,७९१ शिक्षकांची पदं बाह्यस्रोतातून, खासगी संस्थेमार्फत भरायचा निर्णय झाला. वर्षानुवर्षं तासिकेवर शिकवणारे शिक्षक नाशिकला आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडून बसले. आईच्या खात्यात पंधराशे आणि मुलाच्या वर्गात दर वर्षी नवा, उपरा, कंत्राटी मास्तर, ही अदलाबदल कुठल्याही आईनं मागितलेली नाही.

शाळा बंद होण्याची भीती तर कायमच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयानं कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले, पानशेत आणि तोरणमाळचे नमुने दाखवून. राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा, त्यांत १,८५,४६७ मुलं. मार्च २०२४ च्या, शिक्षकपदं ठरवणाऱ्या संच मान्यतेच्या निकषांनी सहावी ते आठवीच्या वीसपेक्षा कमी पटाच्या वर्गांचे शिक्षकच काढून घेतले. शाळा बंद झाली असं कुणी म्हणत नाही, पण शिक्षक नाही. कायदा सांगतो पहिली ते पाचवी एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवी तीन किलोमीटरच्या आत. नकाशावरचा एक किलोमीटर आणि कळंब-पाथरजच्या वरच्या वाड्यांचा एक किलोमीटर वेगळा असतो. मध्ये ओढा असतो आणि जुलैत तो सहा वर्षांच्या मुलीच्या छातीपर्यंत चढतो. वीस मुलांची शाळा महाग पडते हे खरं आहे. ती महागच पडणार. डोंगरात विखुरलेल्या माणसांना समान हक्क द्यायचा असेल तर त्यांच्यावर माणशी जास्त खर्च होणारच आणि तो खर्च सरकारनं मान वर करून करावा.

मग हे विचारायचं कुणी? जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर काही वर्षं अलिबागला प्रशासक होता. म्हणजे शिक्षण आणि आरोग्य ज्या संस्थेच्या हातात, तिच्यात तेवढी वर्षं गावानं निवडून दिलेला माणूस नव्हता. जिल्हा वार्षिक योजनेचं वाटप जिल्हा नियोजन समिती ठरवते आणि तिचे अध्यक्ष पालकमंत्री. रायगडची जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेली पालकमंत्र्यांची नेमणूक लगेच स्थगित झाली. पक्षांची भांडणं त्यांची त्यांना लखलाभ, पण त्यात आपल्या शाळांच्या दुरुस्तीचं वर्ष जातं.

एक दार मात्र उघडं आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ नं प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेला व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया. कलम २२ म्हणतं, या समितीनं शाळा विकास आराखडा करायचा आणि शासनानं द्यायच्या अनुदानांना तोच आराखडा आधार धरायचा. बहुतेक ठिकाणी हा आराखडा शिक्षक एका संध्याकाळी ऑनलाइन भरतात, कारण मुदत दुसऱ्या दिवशी संपत असते. पालकांचे अंगठे नंतर घेतले जातात. मी शिक्षकाला दोष देत नाही. जिल्ह्याचा प्रारूप आराखडा तयार होतो तो ऑक्टोबर ते जानेवारीत आणि त्या वेळी पालक भट्टीवर असतात. मागणी लिहायच्या वेळी वाडीला कुलूप.

म्हणून माझी सूचना तारखेची आहे. ग्रामसभा १५ ऑगस्टला होते, तेव्हा सगळी वाडी घरी असते. व्यवस्थापन समितीची बैठक त्याच आठवड्यात घ्या. आराखड्यात अंडं लिहा, त्याचा दर आणि मुलांची संख्या लिहा. दिवाळीनंतर किती मुलं मागे राहू शकतात आणि त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह कोणत्या तारखेला सुरू व्हायला हवं, ते लिहा. छपराचे पत्रे मोजून लिहा. त्या ठरावाला ग्रामसभेची मंजुरी घ्या, एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, एक पेणच्या प्रकल्प अधिकाऱ्यांना, एक नियोजन समितीच्या सचिवांना, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या. मार्चमध्ये अर्थसंकल्प आला की ज्या शीर्षात ती मागणी बसायला हवी होती, ते शीर्ष काढून आपल्या आमदारांपुढे ठेवा. आणि आपली गावं अनुसूचित क्षेत्रात घ्यावीत, निदान तोवर अबंध निधीइतकी रक्कम रायगडच्या आदिवासी वाड्यांच्या ग्रामसभांना द्यावी, ही मागणी प्रत्येक ठरावात शेवटच्या ओळीत असू द्या.

हे काम दसऱ्याच्या आत व्हायला हवं, कारण दिवाळी झाली की मुकादमाची गाडी वाडीवर येते.